हेलिकॉप्टर आलं की ड्रोन खाली कसा आणावा

४०० फुटांखाली ड्रोन आणि त्याच्या वर हेलिकॉप्टर, ही वाटणी कागदावरची आहे. पुरातली सुटका, वीजवाहिन्यांची पाहणी, सभेसाठी शाळेच्या मैदानावर उतरणं, अशा कामांना हेलिकॉप्टर आपल्याच थरात येतं. २१ सप्टेंबर २०१७ रोजी न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडजवळ लष्कराच्या ब्लॅक हॉकवर एक हौशी ड्रोन आदळला, तो साधारण ३०० फुटांवरच. उडवणारा चार किलोमीटर लांब होता, ड्रोन त्याच्या नजरेतही नव्हता. पात्याला दीड इंचाचा खड्डा पडला, तरी हेलिकॉप्टर सुखरूप उतरलं.

भारताच्या २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे बाजूला होण्याची जबाबदारी ड्रोनचीच. वैमानिकाला आपला ड्रोन दिसेल, ही आशा सोडा. एवढासा ठिपका त्या वेगात दिसत नाही.

निघण्यापूर्वी

‘डिजिटल स्काय’ या ड्रोनसाठीच्या सरकारी संकेतस्थळावरचा झोनचा नकाशा त्याच दिवशी बघा, कारण तात्पुरती बंदी ऐनवेळी लागू शकते. विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ग्रीन झोन, म्हणजे परवानगी न घेता उडवता येतं तो भाग, २०० फुटांपर्यंतच असतो, हेही लक्षात ठेवा.

जवळ हेलिपॅड असेल तर वारा कुठून येतोय ते पाहा. हेलिकॉप्टर सहसा वाऱ्याला तोंड देऊन तिरकं उतरतं. वारा पश्चिमेचा असेल तर ते पूर्वेकडून येईल, आणि हेलिपॅडपासून अर्धा किलोमीटरवर त्याची उंची जेमतेम ६० मीटर असू शकते. त्या बाजूला ड्रोन नेऊच नका.

आता सर्वांत दुर्लक्षित सेटिंग: ‘रिटर्न टू होम’ची उंची. हे बटण दाबल्यावर ड्रोन त्या उंचीच्या खाली असेल तर आधी वर चढतो आणि मग परततो. उंची १०० मीटर ठेवली असेल आणि ड्रोन ४० मीटरवर असेल, तर आपणच तो हेलिकॉप्टरच्या वाटेत चढवू. परिसरातल्या सर्वांत उंच झाडापेक्षा किंवा इमारतीपेक्षा १०-१५ मीटर जास्त, एवढीच उंची ठेवा.

हिशेब अर्ध्या मिनिटाचा

ताशी २२० किलोमीटरने येणारं हेलिकॉप्टर दोन किलोमीटर अंतर साधारण ३३ सेकंदांत कापतं. लहान ड्रोन सेकंदाला तीन मीटरने उतरत असेल, तर १२० मीटरवरून जमिनीवर यायला त्याला ४० सेकंद लागतात. म्हणजे आवाज दोन किलोमीटरवर ऐकू आला तरी उशीरच. किनाऱ्यावर किंवा घाटात ५०-६० मीटरच्या वर जाऊ नका. घाटात आवाज कड्यांवर आदळून भलत्याच दिशेने येतो, म्हणून शेजारी एक माणूस फक्त आभाळाकडे बघणारा हवा.

आवाज आला की

१. स्क्रीन सोडा, मान वर करून ड्रोन डोळ्यांनी शोधा. कॅमेऱ्याला वरचं आणि मागचं दिसत नाही.

२. हेलिकॉप्टर कुठे आहे ते कळायची वाट न बघता उंची कमी करा. रिमोटच्या नेहमीच्या मांडणीत (मोड २) डावी स्टिक खाली ओढायची. ‘रिटर्न टू होम’ दाबू नका.

३. उतरताना ड्रोन किंचित पुढे सरकत ठेवा. वेगाने सरळ खाली आणला तर तो स्वतःच ढवळलेल्या हवेत सापडून डगमगतो.

४. खाली पाणी, झाडं किंवा माणसं असतील तर तिथे उतरवू नका. माणसांपासून दूर, आसपासच्या झाडांच्या शेंड्यांखाली आणून थांबवा आणि मोकळी वाट बघून तेवढ्याच उंचीवरून परत आणा.

५. घाबरून मोटार बंद करू नका. पडणारा ड्रोन कुणाच्याही डोक्यावर जाऊ शकतो.

विमानं आणि हेलिकॉप्टरं एका यंत्रातून आपली जागा कळवणारे रेडिओ संदेश (एडीएस-बी) सोडतात; काही ड्रोन ते पकडून जवळच्या विमानाची सूचना देतात. ही सोय चांगलीच, पण ज्या हेलिकॉप्टरवर ते यंत्र नाही किंवा बंद आहे, ते स्क्रीनवर येणार नाही. स्क्रीन शांत आहे म्हणून आभाळ मोकळं समजू नका.

हेलिकॉप्टर निघून गेल्यावर निदान पाच मिनिटं थांबा. पाहणीचं किंवा शोधाचं काम असेल तर ते वळून पुन्हा येतं. एकाच जागी घिरट्या घालत असेल तर बॅटरी काढून ड्रोन बॅगेत ठेवा, कारण खाली कुणाची तरी सुटका चालू असू शकते आणि हवेत ड्रोन दिसला तर वैमानिकाला ती अर्धवट सोडावी लागते.