पोराला कुमितेला उभं करायच्या आधी

मुलगा किंवा मुलगी कराटेला जातेय, वर्ष-दोन वर्षं झाली, यलो झाला ऑरेंज झाला, गॅदरिंगमध्ये कौलं फोडून टाळ्याही मिळाल्या, आणि मग एक दिवस सर म्हणतात की आता कुमिते, म्हणजे समोरासमोरची लढत, सुरू करूया. इथे निम्म्या आयांच्या पोटात गोळा येतो आणि निम्मे बाबा उगाच जोशात येतात. दोघांनीही जरा दमानं घ्या. मी बरीच वर्षं क्लासला मदतीला उभा असतो, त्यामुळे जे रोज बघतो तेच सांगतो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, कराटेत तीन गोष्टी असतात. किहोन म्हणजे बेसिक पंच, किक, ब्लॉक. काता म्हणजे ठरलेल्या हालचाली ठरलेल्या क्रमाने. आणि कुमिते म्हणजे स्पारिंग, समोर खराखुरा माणूस. तायक्वांदोवाले ह्यालाच क्योरुगी म्हणतात. काता मला आवडतो, पण त्यात हवा उलटून मारत नाही हो! बरीच मुलं चार-चार वर्षं क्लासला जातात, भिंतीवर सर्टिफिकेटं लागतात, आणि समोरच्याने नुसता हात उगारला तरी डोळे गच्च मिटून पाठ फिरवतात. स्पारिंगचा खरा फायदा इथे सुरू होतो.

आमच्याकडे सातवीतली एक मुलगी आहे, काता एकदम नीट, पण कुमितेला उभी राहिली की श्वास रोखायची. पंच येताना दिसला की हनुवटी वर, डोळे बंद, दोन्ही हात तोंडासमोर. सरांनी तिला मारायला सांगितलंच नाही, फक्त सांगितलं की समोरचा पुढे आला की तू मागे सरक आणि मोठ्याने श्वास सोड. काही आठवडे एवढंच. मग हळूहळू तिला दिसायला लागलं की पंच यायच्या आधी समोरच्याचा खांदा हलतो, किक मारायच्या आधी वजन एका पायावर जातं. एकदा हे दिसायला लागलं ना की निम्मी भीती तिथेच जाते, कारण आता अंगावर काय येतंय आणि किती अंतरावरून येतंय ते कळतं. जपानीत ह्या अंतराच्या अंदाजाला माआई म्हणतात आणि तो नुसता सांगून येत नाही, समोर माणूसच लागतो.

दुसरा फायदा मला ह्याहून मोठा वाटतो, तो म्हणजे ताबा. लोकांना वाटतं स्पारिंगने पोरं मारकुटी होतात. पण कराटेच्या स्पर्धेचे नियम बघा, पंच नीट बसला तर एक पॉइंट म्हणजे युको, पोटावर किक नीट बसली तर दोन म्हणजे वाझा-आरी, डोक्याच्या उंचीची किक असेल तर तीन म्हणजे इप्पोन, पण जोरात लागली तर शिक्षा मारणाऱ्यालाच. म्हणजे पूर्ण वेगाने जायचं आणि टेकता टेकता थांबायचं. राग आलेल्या पोराला हे जमतच नाही, तो दोन वेळा पेनल्टी खातो आणि मग आपोआप गप होतो. स्वतःचा बचाव न करता आंधळेपणाने घुसलं तर त्यालाही पेनल्टी आहे, आणि न लागता लागल्याचं नाटक केलं तर त्यालाही. ही शेवटची पेनल्टी काही मुलांना घरीही लावायला हवी असं माझं मत आहे, असो.

आता सुरुवात कधी करायची. सहा-सात वर्षांच्या मुलांना पॉइंटवालं स्पारिंग नकोच, त्यांना खेळ द्या. खांदा शिवायचा, गुडघा शिवायचा, समोरचा शिवायच्या आत सटकायचं, शिवाशिवीच आहे ती पण दोघांत आणि तोंड समोर ठेवून. आठ-नऊला ठरलेलं स्पारिंग, म्हणजे सानबोन कुमितेत तीन पावलं आणि इप्पोन कुमितेत (हा पॉइंटवाला इप्पोन नव्हे) एक, कोण मारणार, कुठे मारणार, हे आधीच ठरलेलं. त्यानंतर हलकं मोकळं स्पारिंग, म्हणजे जियु कुमिते. स्पर्धा दहा-अकराच्या आधी कशाला हवी? अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेही 2016 मध्ये साधारण हेच म्हटलंय, की आधी विनासंपर्क सराव, मूल अंगाने आणि मनाने तयार दिसलं तरच संपर्क. आणि हो, पोराला मनापासून नको असेल तर वय झालं म्हणून ढकलू नका, सहा महिन्यांनी परत विचारा.

क्लास बघायला जाल तेव्हा सरांच्या मागच्या ट्रॉफ्या बघू नका, जोड्या कशा लावतात ते बघा. वय सारखं असलं तरी पाचवीतली दोन मुलं वजनाने दहा-दहा किलो वेगळी असतात, त्यांना एकमेकांसमोर सोडणारा क्लास मला चालत नाही. खाली मॅट हवी. मी एका क्लासमध्ये स्वतः बघितलंय, सोसायटीच्या हॉलमध्ये गुळगुळीत टाइल्सवर, दुसऱ्याच आठवड्यातली पोरं मोकळी सोडलेली आणि सर फोनवर. तिथून तडक निघायचं, फी परत मिळो न मिळो. सर स्वतः मध्ये उभे राहून थांबवतात का, रडणाऱ्या मुलाला बाजूला घेऊन बोलतात की सगळ्यांसमोर चेष्टा करतात, पालकांना बसून बघू देतात का, हे तीन प्रश्न. पालकांना आत येऊ देत नसतील तर मुलगी असो की मुलगा, तिथे घालू नका.

सामान. कराटेचे ग्लोव्ह्ज आणि शिन गार्ड (नडगीचे) लाल आणि निळे असे दोन्ही घ्यावे लागतात, कारण स्पर्धेत एक जण आका म्हणजे लाल आणि दुसरा आओ म्हणजे निळा असतो आणि तुमच्या वाट्याला काय येईल ते आधी माहीत नसतं. रोजच्या सरावाला एकच सेट पुरतो, दुसरा नंतर घ्या. माउथगार्ड मात्र पहिल्या दिवसापासून, गरम पाण्यात बुडवून चावायचा मिळतो तो चालतो, पण दुधाचे दात पडत असतील तर तो परत परत बसवावा लागतो आणि दाताला तारा असतील तर आधी डेंटिस्टला विचारा. मुलांना एल गार्ड (जांघेसाठी), मुलींना चेस्ट गार्ड. मोठा होईल म्हणून दोन साइज मोठं घ्यायची आपली सवय इथे नको, सैल शिन गार्ड फिरतो आणि नेमकं हाड उघडं पडतं. हेल्मेटने ओरखडे, सूज वाचते पण मेंदूला बसणारा हादरा त्याने थांबतो असं समजू नका. चष्मा काढावा लागतो, नखं कापलेली हवीत, हातातले दोरे आणि कानातलंही काढा. आणि पावसाळ्यात ग्लोव्ह्ज बॅगेत कोंडून ठेवलेत तर दोन दिवसांत असा वास येतो की शेजारी विचारतील, घरी आल्या आल्या फॅनखाली टाका.

लागतं का? लागतं. पायाची बोटं मुरगळतात, नडगीवर निळं पडतं, कधी नाकातून रक्त येतं. रक्त आलं की आपल्याकडे मान मागे टाकून कांदा हुंगायला देतात, तसं करू नका, मान जरा पुढे वाकवा, नाकाचा मऊ भाग दहा मिनिटं चिमटीत धरा, मध्येमध्ये सोडून बघू नका. डोक्याला लागलं असेल आणि डोकं दुखतंय, उलटी झाली, गोंधळल्यासारखं बोलतोय, झोप येतेय, ह्यातलं काहीही दिसलं तर तिथेच स्पारिंग बंद आणि थेट डॉक्टर. "मी ठीक आहे सर" असं मूल म्हणालं तरी.

आता पालकांचं. बाहेरून ओरडू नका. "मार ना! काय बघत बसलास!" हे ऐकलं की मूल समोरच्याकडे बघायचं सोडून तुमच्याकडे बघतं आणि तेवढ्यात मार खातं, हे मी इतक्यांदा बघितलंय की आता कोणाचे बाबा ओरडणार ते आधीच कळतं. घरी येताना स्कूटरवर कोचिंग नको. काय खायचं विचारा, स्वतःहून बोलला तर ऐका. आणि धाकट्या भावावर प्रॅक्टिस चालणार नाही हे पहिल्याच दिवशी सांगून टाका, आमच्या क्लासमध्ये हा नियम मोडला तर पुढचा आठवडा स्पारिंग नाही, नुसतं किहोन.

शाळेत कोणी त्रास देत असेल म्हणून स्पारिंगला घालत असाल तर थोडं सबुरीने. तिथे रेफ्री नसतो, ग्लोव्ह्ज नसतात. उपयोग होतो तो वेगळाच, मूल खांदे पाडून उभं राहत नाही, कोणी अंगावर आलं तर एक पाऊल मागे घेऊन मोठ्याने बोलतं, आणि तिथून निघून येतं. तेवढं पुरतं बहुतेक वेळा. बाकी बाईंना भेटायला तुम्हालाच जायचंय.

स्पर्धेचं म्हणाल तर पहिली स्पर्धा जवळची आणि छोटी निवडा. नावात इंटरनॅशनल आहे आणि भाग घेणाऱ्या प्रत्येकाला मेडल आहे अशी एन्ट्री फीवाली स्पर्धा ज्याला त्याला दिसते, त्यात हौस म्हणून जायला हरकत नाही, पण दहावी-बारावीच्या क्रीडा गुणांच्या आशेने पैसे घालणार असाल तर आधी जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात विचारा की ही धरतात का. शालेय स्पर्धा त्यांच्यामार्फतच होतात. सकाळी आठला बोलावतात आणि नंबर दुपारी तीनला लागतो, दीड-दोन मिनिटांच्या फाइटसाठी. त्यामुळे केळी, पाणी, एक जाड टॉवेल, जन्मदाखला, आधारची झेरॉक्स, आणि ते लाल-निळे दोन्ही सेट रात्रीच बॅगेत भरून ठेवा.