आंबोली घाटात काटा लालकडे

मे महिन्यात गोव्याहून पुण्याला परतताना आमची दोन सीटची स्पोर्ट्स कार सावंतवाडीपर्यंत झकास पळाली. आंबोली घाटात ट्रकमागे रांगायला लागलो आणि टेम्परेचरचा काटा लालकडे सरकला. वेगात वाऱ्याने ठीक, हळू चालवताना तापते, म्हणजे संशय रेडिएटरच्या (इंजिनाचं पाणी थंड करणाऱ्या जाळीच्या) पंख्यावर! एसी बंद, इंजिनाची उष्णता ओढून घ्यायला हीटर फुल्ल करून जागा मिळताच कडेला घेतली. एसी लावला की हा पंखा फिरायला हवा, म्हणून तो पुन्हा लावून पाहिला, पंखा ढिम्म. फ्यूज शाबूत. मग फॉग लॅम्पचा रिले (विजेवर चालणारा छोटा स्विच), ज्यावर पंख्याच्या रिलेचाच नंबर होता, काढून पंख्याच्या जागी बसवला. टक् झालं आणि पंखा घरघरला. काय हायसं वाटलं! गरम रेडिएटरचं झाकण मात्र अजिबात उघडू नका, उकळतं कूलंट अंगावर उडतं. नवा रिले कोल्हापुरात घेतला.