बागकामाचा कार्यक्रम पाहून भाजीपाला पिकवताना

दूरचित्रवाणीवरील बागकामाच्या कार्यक्रमांतून जे शिकता येते, ते पुस्तकातून सहसा मिळत नाही. कोवळे रोप उचलताना खोडाला न धरता पानाला कसे धरावे, लावल्यानंतर मुळांभोवतीची माती किती जोराने दाबावी, टोमॅटोची बगलफूट (पान आणि खोड यांच्या बेचक्यातून निघणारी फूट) कोणत्या टप्प्यावर आणि नेमकी कुठून खुडावी, या गोष्टी जाणत्याचे हात पाहूनच कळतात. असे असूनही, दाखवले तसे सगळे केले आणि वाफ्यात मात्र काहीच हाती लागले नाही, ही तक्रार वारंवार ऐकू येते. माझ्या मते याचे मुख्य कारण एकच आहे: प्रेक्षक कार्यक्रमातली तारीख उचलतो आणि त्या तारखेमागचे कारण पडद्यावरच राहून जाते. ते कारण हाती कसे घ्यावे, हे पुढे सांगितले आहे.

सर्वप्रथम कार्यक्रम कुठे आणि कोणत्या महिन्यात चित्रित झाला आहे, ते पाहावे. १९६८ मध्ये सुरू झालेला बीबीसीचा ‘गार्डनर्स वर्ल्ड’ ब्रिटनमधील हंगामाला बांधलेला असतो. त्याचे सादरकर्ते माँटी डॉन यांची बाग हेरफर्डशायरमध्ये, सुमारे ५२ अंश उत्तर अक्षांशावर आहे. १९९० मध्ये एबीसी वाहिनीवर सुरू झालेला ‘गार्डनिंग ऑस्ट्रेलिया’ हा दक्षिण गोलार्धातला कार्यक्रम असल्यामुळे उत्तर गोलार्धातील प्रेक्षकाला त्यातले ऋतू सहा महिन्यांनी सरकवून घ्यावे लागतात. या दुसऱ्या कार्यक्रमाची एक पद्धत मला फार मोलाची वाटते. आठवड्याची कामे सांगताना तो थंड समशीतोष्ण, उबदार समशीतोष्ण, उपोष्ण, उष्ण आणि शुष्क असे हवामानाचे विभाग पाडतो आणि प्रत्येक विभागासाठी वेगळी कामे देतो. यांपैकी आपल्या हवामानाला जवळचा विभाग कोणता, हे एकदा ठरवले की जगातल्या कोणत्याही कार्यक्रमाकडे त्याच नजरेने पाहता येते.

मात्र तापमान जुळले म्हणून दिवसाची लांबीही जुळेलच असे नाही, आणि कांद्याच्या बाबतीत हा फरक निर्णायक ठरतो. उच्च अक्षांशांवर घेतल्या जाणाऱ्या कांद्याच्या वाणांना गड्डा धरण्यासाठी साधारण १४ ते १६ तासांचा दिवस लागतो, तर विषुववृत्ताच्या बाजूच्या प्रदेशांतील वाणांना १० ते १२ तास पुरतात. पहिल्या प्रकारचे वाण लहान दिवसांच्या प्रदेशात लावले तर पात जोमाने वाढते, परंतु गड्डा धरतच नाही. दुसऱ्या प्रकारचे वाण मोठ्या दिवसांत वाढवले तर रोप पुरेसे वाढण्याआधीच गड्डा धरू लागतो आणि कांदा बारीक राहतो. म्हणून पडद्यावर दिसलेल्या वाणाचे नाव उतरवून घेण्यापेक्षा ते कोणत्या अक्षांशावर इतके चांगले आले, हे उतरवून घेणे अधिक उपयोगाचे आहे.

यानंतरचे काम म्हणजे तारखेचे परिस्थितीत रूपांतर करणे. सादरकर्त्याने एखादे बी अमुक महिन्याच्या मध्यास पेरा असे सांगितले, की त्या वेळी त्याच्या बागेत काय घडत असते हा प्रश्न स्वतःला विचारावा. बहुतेकदा उत्तर असते की पाणी गोठवणारी थंडी संपत आलेली असते आणि माती ठरावीक मर्यादेपर्यंत तापलेली असते. मातीचे तापमान साध्या तापमापकाने पेरणीच्या खोलीवर, सकाळच्या वेळी, सलग काही दिवस मोजता येते. वाटाणा ५ अंश सेल्सिअसच्या आसपासच्या मातीतही सावकाश उगवतो. टोमॅटोला २० ते ३० अंशांची माती मानवते आणि भेंडी २० अंशांखाली नीट उगवत नाही. लेट्यूसची अडचण उलट आहे, कारण त्याच्या अनेक वाणांचे बी माती २५ ते ३० अंशांच्या वर गेली की सुप्तावस्थेत जाते आणि कितीही पाणी दिले तरी उगवत नाही. वरची मर्यादा फळधारणेलाही असते: दिवसाचे तापमान सतत ३५ अंशांच्या वर राहिले तर टोमॅटोची फुले फळ न धरताच गळतात. थंड हवामानातल्या कार्यक्रमांत या मर्यादेचा उल्लेख क्वचितच येतो, कारण त्यांना तिची फारशी गरज पडत नाही. तापमानाबरोबर वाफसा, म्हणजे मातीतला ओलावा कामाजोगा आहे का, हेही पाहावे. मूठभर माती दाबली असता गोळा होऊन बोटाच्या धक्क्याने सहज फुटली, तर जमीन कामासाठी तयार आहे. ती चिकटून राहिली, तर पडद्यावर कोणीही खणत असले तरी आपण थांबावे.

पडद्यावर सर्वांत जास्त झाकली जाते ती गोष्ट म्हणजे वेळ. पेरणी आणि काढणी एकाच भागात काही मिनिटांच्या अंतराने दाखवता येतात, आणि मधल्या आठवड्यांतली विरळणी, खुरपणी, पाणी देणे व गोगलगायी वेचणे संकलनात निघून जाते. प्रत्यक्षात गाजराचे बी उगवायलाच एक ते तीन आठवडे लागू शकतात, आणि या काळात वरची माती एकदाही कोरडी पडू न देणे हेच त्या पिकातले खरे काम असते. टोमॅटोच्या बहुतेक वाणांना पुनर्लागवडीनंतर पहिले पिकलेले फळ द्यायला साधारण ६० ते ८० दिवस लागतात, शिवाय त्याआधीचे रोपवाटिकेतले सहा ते आठ आठवडे वेगळेच. यासाठी भाग पाहून झाल्यावर कागदावर आठवड्यांचे रकाने आखावेत, पेरणी आणि काढणी दोन टोकांना लिहावी आणि मधल्या प्रत्येक आठवड्यात कोणते काम पडेल ते स्वतः भरावे. एखादा रकाना भरता आला नाही, तर तेवढी माहिती कार्यक्रमाने दिलेली नाही असे समजून ती अन्यत्र शोधावी. मोठ्या कार्यक्रमांच्या बागा सादरकर्ता एकटा सांभाळत नाही, त्यामागे इतर माळीही राबत असतात. तेव्हा त्यांच्या वाफ्यांची संख्या पाहून आपले वाफे ठरवू नयेत. आपल्याला रोज जेवढे पाणी देता येईल आणि तण काढता येईल, तेवढीच जमीन पहिल्या वर्षी घ्यावी.

कार्यक्रम निवडतानाही हाच निकष लावावा. एखाद्या ओसाड अंगणाचा दोन दिवसांत कायापालट करून दाखवणारे कार्यक्रम पाहायला आकर्षक असले, तरी अन्न पिकवणाऱ्याला त्यातून फारसे काही मिळत नाही, कारण रोपे आणून लावली की तिथे कथा संपते. एकाच बागेत वर्षभर राहणारी मालिका शिकण्यासाठी कितीतरी सरस असते. याचे उत्तम उदाहरण म्हणजे १९८७ मधील बीबीसीची ‘द व्हिक्टोरियन किचन गार्डन’ ही मालिका. तिच्यात हॅरी डॉडसन या अनुभवी मुख्य माळ्याने भिंतींनी वेढलेली एक जुनी भाजीबाग पुन्हा उभी केली आणि पीटर थोडे यांनी त्यामागचे विज्ञान उलगडून सांगितले. महिन्यामागून महिना सरकताना पाहिल्यामुळे एक काम दुसऱ्यावर कसे अवलंबून असते, ते तिच्यात दिसते.

प्रत्येक भाग शक्यतो दोनदा पाहावा. पहिल्यांदा काहीही न लिहिता केवळ हातांकडे लक्ष द्यावे. दुसऱ्यांदा थांबवत थांबवत काय केले, कोणत्या परिस्थितीत केले आणि का केले, हे तीन मुद्दे लिहावेत. तिसऱ्याचे उत्तर सादरकर्त्याने दिले नसेल, तर ती कृती कारण कळेपर्यंत बाजूला ठेवावी.

पानांच्या रंगाबाबत सावध राहावे, कारण प्रत्येक पडदा हिरवा रंग वेगळा दाखवतो. पिवळेपणाची छटा जुळवण्याऐवजी तो कुठून सुरू झाला आहे ते पाहावे: खालच्या जुन्या पानांपासून सुरू झाला असेल, तर नत्र किंवा मॅग्नेशियम कमी पडल्याची शक्यता असते, शेंड्याकडच्या कोवळ्या पानांवर शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा पडला असेल, तर लोहाचा संशय घ्यावा. पानाची जागा कोणत्याही पडद्यावर खरीच दिसते.

जुने भाग पाहताना तंत्र घ्यावे आणि औषधे सोडून द्यावीत. काही दशकांपूर्वी बिनदिक्कत सुचवली जाणारी अनेक कीटकनाशके आज बहुतेक देशांत बंदी घातलेली आहेत. रोपांच्या मिश्रणातील पीटचेही तसेच आहे: दलदलीत हजारो वर्षे साचलेला हा पदार्थ पूर्वी सर्रास सांगितला जाई. १९९६ मध्ये निधन होईपर्यंत ‘गार्डनर्स वर्ल्ड’ सादर करणारे जेफ हॅमिल्टन यांनी सेंद्रिय पद्धतीचा पुरस्कार करत पीटच्या वापराला विरोध केला, आणि एका कार्यक्रमाने चांगली सवय किती घरांत पोहोचवावी याचा तो आदर्श आहे असे मला वाटते.

कार्यक्रम एकट्याने पाहण्यापेक्षा चार शेजाऱ्यांनी मिळून पाहावा. दूरदर्शनने २६ जानेवारी १९६७ रोजी ‘कृषी दर्शन’ सुरू केला, तेव्हा दिल्लीच्या आसपासच्या निवडक खेड्यांत सामुदायिक संच बसवले होते आणि शेतकरी तो एकत्र पाहत. या रचनेत मोठे शहाणपण होते, कारण पडद्यावरचा सल्ला आपल्या मातीत चालेल का, हा प्रश्न ती माती ओळखणाऱ्या दुसऱ्या माणसालाच विचारता येतो.

शेवटी, पटलेला सल्लाही सगळ्या वाफ्यावर एकदम लावू नये. वाफ्याचे दोन भाग करावेत, एकात कार्यक्रमातली पद्धत आणि दुसऱ्यात आपली नेहमीची पद्धत ठेवावी, बी, पाणी आणि पेरणीचा दिवस मात्र दोन्हीकडे सारखाच असावा, आणि काढणीच्या वेळी दोन्हींचे वजन वेगवेगळे लिहावे. एकाच हंगामाच्या आकड्यांवर निर्णय घेऊ नये. पाऊस किंवा कडक ऊन एखाद्या पद्धतीला त्या वर्षापुरते झुकते माप देऊ शकते, म्हणून हीच तुलना निदान आणखी एका हंगामात करावी आणि त्या वेळी दोन्ही भागांच्या जागा अदलाबदल कराव्यात.