मानसशास्त्रज्ञ डिटेक्टिव्ह असलेल्या पहिल्या कादंबरीवर मत कसं द्यायचं (नुसतं "भारी आहे" न म्हणता)

रहस्यकादंबरी वाचून झाली की लोक दोनच गोष्टी सांगतात, एक तर "खुनी मला आधीच कळला होता" नाहीतर "शेवट नाही पटला". झालं. पहिल्यात सांगणाऱ्याने स्वतःचीच पाठ थोपटलेली असते, आणि दुसऱ्यात का नाही पटला ते नसतं, म्हणजे पुढे वाचणाऱ्याच्या हातात काय, तर काहीच नाही. त्यात लेखकाची पहिलीच कादंबरी असेल आणि डिटेक्टिव्ह म्हणून पोलीस-वकील न घेता मानसशास्त्रज्ञ घेतला असेल तर आणखी पंचाईत, कारण माणसांच्या मनातलं आपल्याला बरोब्बर कळतं असा प्रत्येकाचाच समज असतो. तर असं पुस्तक कसं वाचायचं, त्यावर मत कसं बनवायचं आणि दुसऱ्यांची मतं कितपत मनावर घ्यायची ते जरा नीट लिहितोय. उदाहरण म्हणून जोनाथन केलरमनची 'व्हेन द बाऊ ब्रेक्स' घेतो, १९८५ ची, लॉस एंजेलिसमध्ये घडणारी. या प्रकारात नवीन असाल तर सुरुवातीला हीच घ्या, कारण हिच्यात जमलेलं आणि फसलेलं दोन्ही भरपूर आहे.

गोष्ट थोडक्यात आणि फक्त सुरुवातीचीच सांगतो. अ‍ॅलेक्स डेलावेअर हा लहान मुलांचा मानसशास्त्रज्ञ, वय ३३, एका वाईट प्रकरणाने पार जेरीला येऊन प्रॅक्टिस सोडून घरी बसलेला. मिलो स्टर्जिस हा त्याचा मित्र, पोलिसात खुनाच्या केसेस बघणारा. एका मानसोपचारतज्ज्ञाचा आणि त्याच्या मैत्रिणीचा खून होतो, आणि कोणी काही बघितलं असेल तर ते एका सात वर्षांच्या मुलीने, मेलडीने. मिलो म्हणतो की बाबा, तू तिच्याशी बोल. इथून पुढचं मी सांगत नाही, तुम्हीही कुणाला सांगू नका.

आता पहिलं काम म्हणजे वाचायच्या आधी कुणाचंही मत वाचायचं नाही, आणि मागचं कव्हरसुद्धा शक्यतो नाही, कारण मागच्या कव्हरवाले निम्मी गोष्ट तिथेच सांगून मोकळे होतात. एक तृतीयांश पुस्तक झालं की थांबा आणि कागदावर, मोबाइलवर, कशावरही, तीन ओळी लिहून ठेवा: संशय कुणावर आहे, आत्तापर्यंत कुठे कंटाळा आला, आणि डिटेक्टिव्हची कुठली गोष्ट मनापासून खरी वाटली. हे एवढ्यासाठी की शेवट कळल्यावर माणसाची स्मरणशक्ती फार लबाड होते आणि सगळ्यांनाच सगळं आधीपासून माहीत असतं. आमच्या वाचनकट्ट्यावर एक काका दर वेळी "मला दुसऱ्याच प्रकरणात कळलं होतं" म्हणायचे, मग सगळ्यांनी नाव आधी चिठ्ठीवर लिहून डब्यात टाकायचं असं ठरलं, तेव्हापासून काका आपले शांतपणे चहा पितात.

मग खरा प्रश्न, आणि माझ्या मते अशा पुस्तकाबद्दल हाच एक प्रश्न विचारण्यासारखा आहे: हा माणूस मानसशास्त्रज्ञ नसता, साधा इन्स्पेक्टर असता, तर गोष्ट अडली असती का? अडली नसती तर डिग्री नुसती भिंतीवर टांगायला दिलीय असं समजा. बऱ्याच कादंबऱ्यांत हेच असतं, हिरो सायकॉलॉजिस्ट आहे असं सांगतात आणि मग तो गाडी घेऊन लोकांचा पाठलाग करतो, कुलपं उघडतो, मार खातो. केलरमनच्या पुस्तकातही उत्तरार्धात हे होतं, अ‍ॅलेक्स एवढा फिरतो की मिलोला पगार कशाचा मिळतो असं वाटायला लागतं. पण सुरुवातीला बघा, मेलडी अतिचंचल ठरवून रिटालिनवर ठेवलेली आहे आणि अ‍ॅलेक्सचं लक्ष त्या गोळ्यांकडे जातं. पोलिसाला दिसली असती एक सुस्त, काही न बोलणारी मुलगी, याला दिसतं की हिला काय दिलं जातंय, किती दिलं जातंय आणि का, हे आधी विचारायला हवं. शिवाय तो स्वतः मानसशास्त्रज्ञ, म्हणजे गोळ्या लिहायचा किंवा बदलायचा अधिकार त्याला नाही, तो डॉक्टरचा, त्यामुळे त्याला दुसऱ्या माणसाच्या दारात जावंच लागतं आणि गोष्ट पुढे सरकते. याला म्हणतात पेशा वापरणं. तुमच्या मतात असा एक तरी प्रसंग नाव घेऊन सांगा, एवढं केलं तरी तुमचं मत नव्वद टक्के लोकांपेक्षा बरं होईल.

लहान साक्षीदाराशी बोलायचा प्रसंग आला की वाचायचा वेग मुद्दाम कमी करा. अशा पुस्तकाची परीक्षा तिथेच असते. डिटेक्टिव्ह कुठे बसतो बघा, टेबलापलीकडे की जमिनीवर मुलाच्या उंचीला. पहिला प्रश्न काय विचारतो बघा. "मग काय झालं?" आणि "त्या काकांच्या हातात चाकू होता ना?" या दोन प्रश्नांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, दुसऱ्यात उत्तर आपणच मुलाच्या तोंडात घातलेलं असतं आणि मोठ्या माणसाला खूश करायला मूल हो म्हणून मोकळं होतं. तोच प्रश्न परत परत विचारला तर मुलाला वाटतं आपलं आधीचं उत्तर चुकलं, आणि ते बदलतं. लेखकाला हे माहीत आहे की नाही ते दोन पानांत कळतं. हे पुस्तक आलं त्याच सुमारास लॉस एंजेलिसजवळच्या मॅनहॅटन बीचमध्ये मॅकमार्टिन बालवाडीचं प्रकरण पेटलेलं होतं, १९८३ मध्ये तिथल्या मुलांवर लैंगिक अत्याचार झाल्याचे आरोप झाले, शेकडो मुलांच्या मुलाखती घेतल्या गेल्या, आणि त्या मुलाखतींतले प्रश्न असेच सुचवणारे होते यावर पुढे प्रचंड टीका झाली. १९९० मध्ये सगळं संपलं तेव्हा एकालाही शिक्षा झालेली नव्हती. आज आपण ते पुस्तक हे माहीत असताना वाचतो, १९८५ च्या वाचकाला हे माहीत नव्हतं, त्यामुळे तेव्हाची मतं आणि आत्ताची मतं वेगळी येणारच, दोन्ही बरोबर असू शकतात. आपल्याकडे पॉक्सो कायद्यात, २०१२ च्या, मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला बरं वाटेल तिथे घ्यायचा आणि घेणारा पोलीस गणवेशात नको असं स्पष्ट लिहिलंय, ते डोक्यात ठेवून ही प्रकरणं वाचली की डिटेक्टिव्ह कुठे बरोबर वागतोय ते लगेच नजरेत भरतं.

दुसरी तपासायची गोष्ट म्हणजे शॉर्टकट. संमोहन केलं आणि साक्षीदाराला गाडीचा नंबर आठवला, असलं काही दिसलं की पेन्सिलीने खूण करा. कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्येच, पीपल विरुद्ध शर्ली खटल्यात, संमोहनानंतर आठवलेल्या गोष्टींवरची साक्ष चालणार नाही असं म्हटलं होतं, कारण संमोहनात आठवण जागी होते तशी ती तयारही होते. तेव्हा त्या काळातल्या, त्या राज्यातल्या कादंबरीत संमोहन आलं तर पात्रांना निदान याची धास्ती तरी असायला हवी. तसंच पाच मिनिटं बोलून "याला बालपणी आईचं प्रेम मिळालं नाही" छाप निदान. खरा मानसशास्त्रज्ञ पाच मिनिटांत निदान करत नाही, तो पाच मिनिटांत फॉर्म भरून घेतो.

आणि गोपनीयता! हा मुद्दा वाचकांच्या मतांत जवळजवळ कधीच येत नाही, याचं मला नेहमी आश्चर्य वाटतं, कारण सगळा ताण तर तिथेच आहे. डिटेक्टिव्हचं काम माहिती बाहेर काढायचं आणि मानसशास्त्रज्ञाचं काम ती पोटात ठेवायचं, एकच माणूस दोन्ही करणार कसा? कॅलिफोर्नियात याला इतिहास आहे, बर्कलेला शिकणाऱ्या एका भारतीय विद्यार्थ्याने आपल्या थेरपिस्टला सांगितलं होतं की मी अमुक मुलीला मारणार, आणि १९६९ मध्ये खरंच मारलं, मुलीला किंवा तिच्या घरच्यांना कुणी सावध केलं नव्हतं. त्यावरून तारासॉफ खटला उभा राहिला आणि १९७६ मध्ये कोर्टाने म्हटलं की कुणाच्या जिवाला धोका दिसत असेल तर थेरपिस्टने त्याला वाचवण्यासाठी पावलं उचलायलाच हवीत, पेशंटचं गुपित त्याच्या आड येत नाही. म्हणजे अ‍ॅलेक्ससारख्या माणसाच्या डोक्यावर ही टांगती तलवार कायम आहे. लेखक ती वापरतो की सोयीस्करपणे विसरतो? जो डिटेक्टिव्ह पेशंटच्या गोष्टी मित्राला बिअर पिता पिता सांगतो आणि त्याला काहीच वाटत नाही, त्याचे मार्क कापा.

आता पहिली कादंबरी असण्याबद्दल. "पहिलीच आहे, सांभाळून घ्या" हे वाक्य मतात घालू नका, पुस्तक विकत घेताना पहिलीच आहे म्हणून कोणी पैसे कमी घेत नाही. फक्त कुठल्या चुका नवखेपणाच्या आणि कुठल्या स्वभावाच्या हे वेगळं काढायला शिका. सगळं सुचलेलं एकाच पुस्तकात कोंबणं, कटकारस्थान वाढत वाढत अर्ध्या शहरापर्यंत नेणं, शेवटची पन्नास पानं घाईत उरकणं, हे नवखेपणाचं, पुढे सुधारतं. पण प्रत्येक माणसाचा सूट, टाय, सोफ्याचा रंग, घराचा नकाशा सांगत बसणं हा केलरमनचा स्वभावच आहे, तो जात नाही, त्याची मालिका आता चाळीसच्या घरात पोचलीये तरी गेला नाही. मला ते लॉस एंजेलिसचं वर्णन आवडतं, मालिबू ते शहरातले कळकट भाग, पण कुणाला पाल्हाळ वाटलं तर भांडणार नाही.

शिवाय "पहिली" म्हणजे किती पहिली तेही बघावं. केलरमन तेव्हा पस्तिशीचा, स्वतः मुलांचा मानसशास्त्रज्ञ, लॉस एंजेलिसच्या मुलांच्या हॉस्पिटलात काम केलेला, कॅन्सर झालेल्या मुलांच्या मानसिक बाजूवर १९८० मध्ये पुस्तक लिहिलेला आणि पुढच्या वर्षी भित्र्या मुलांच्या आईबापांसाठी दुसरं. कॉलेजात असताना १९७१ मध्ये गोल्डविन लेखन पुरस्कारही मिळालेला, आणि मधल्या वर्षांत रात्री गॅरेजमध्ये बसून लिहिलेल्या कादंबऱ्या कुणी छापल्याच नाहीत. म्हणजे आपल्याला दिसते ती पहिली, त्याची नव्हे. म्हणूनच हॉस्पिटलचे, मुलांचे भाग इतके सहज आलेत आणि मारामारीचे भाग सिनेमा बघून लिहिल्यासारखे. याच पुस्तकाला १९८६ चं पहिल्या कादंबरीसाठीचं एडगर पारितोषिक मिळालं आणि अँथनीसुद्धा (दोन्ही रहस्यकथांसाठीची अमेरिकन पारितोषिकं), त्याच वर्षी टेड डॅन्सनला घेऊन टीव्हीवर फिल्मही आली. पारितोषिक मतात एका ओळीत उरका, ते परीक्षकांचं मत आहे, तुमचं कुठंय?

दुसऱ्यांची मतं वाचताना आधी हे बघा की बोलणारा कुठून आलाय. मालिकेतली पंधरावी-विसावी वाचून मग पहिलीकडे आलेला माणूस म्हणणार अ‍ॅलेक्स इथे वेगळाच वाटतो, मिलो कमी आहे. त्याला मिलो हवा असतो, आणि बरोबरच आहे, १९८५ मध्ये हिरोचा जिवलग मित्र उघडपणे समलिंगी असलेला खून-तपास अधिकारी, आणि त्याची थट्टा नाही, हे तेव्हाच्या लोकप्रिय रहस्यकथेत क्वचित दिसायचं. समुपदेशनाच्या क्षेत्रातले वाचक बारीक चुका काढतात, त्या जरूर वाचा, फक्त त्यावरून पुस्तक सोडू नका. आई-वडील झालेले वाचक बऱ्याचदा मध्येच ठेवून देतात. आणि "एका बैठकीत संपवली" वाल्यांना विचारा की काय लक्षात राहिलं.

लिहायचं कसं, तर असं. "मस्त थ्रिलर, जबरदस्त ट्विस्ट, जरूर वाचा" यात पुस्तकाचं नाव बदलून दुसरं टाकलं तरी चालतं, म्हणजे मत नाहीच. त्याऐवजी: "सुरुवातीची जी पानं मुलीशी बोलण्यात जातात तीच सगळ्यात चांगली आहेत, कारण उत्तर मिळवायची घाई कोणालाच परवडणारी नाही. पुढे डिटेक्टिव्ह मानसशास्त्रज्ञ राहत नाही, ॲक्शन हिरो होतो, आणि कारस्थान एवढं मोठं होतं की खुनी कोण याचं काही वाटेनासं होतं. मनाचं काम आवडत असेल तर घ्या, कोडं सोडवायला आवडत असेल तर थोडं निराश व्हाल." पाच-सहा ओळी पुरतात, नमनाला घडाभर तेल नको. खुनी, कारण आणि ठिकाण या तिन्हीबद्दल अवाक्षर नाही, आणि "शेवटी असं काही होतं की विचारू नका" हेही नको, तोही स्पॉयलरच, माणूस मग प्रत्येक साध्या पात्राकडे संशयाने बघत बसतो. ट्विस्ट आहे हे सांगणं म्हणजे ट्विस्ट सांगणंच.

एक गोष्ट मात्र लपवायची नाही. या पुस्तकात मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराचा विषय आहे, अगदी सुरुवातीपासून आहे, आणि काही भाग वाचताना पोटात कालवतं. हे पहिल्याच ओळीत सांगा. काहींना वाटतं याने रहस्य फुटतं, अजिबात फुटत नाही, ज्याला नको तो लांब राहतो आणि बाकीचे वाचतातच. आमच्याकडे एका ताईंनी एवढं ऐकूनच पुस्तक परत दिलं आणि त्या महिन्यात दुसरं नेलं, त्यांना कुणी काही विचारलं नाही.