गावात बोअरची शर्यत लागलीय? आधी पाण्याचा हिशोब मांडा

माणूस स्वार्थी आहे, पुढचं महायुद्ध पाण्यावरून होणार वगैरे चर्चा आपण खूप करतो, पण ते युद्ध कितीतरी गावांत बांधाबांधावर आधीच सुरू झालंय. शेजाऱ्याने ३०० फूट बोअर मारला की आपण ४०० मारायचा, मग त्याची मोटार पाणी उचलेना म्हणून तो ६०० वर जाणार, दोघंही कर्जात, आणि खालचं पाणी तर एकच. महाराष्ट्राचा २००९ चा भूजल कायदा शेतीच्या बोअरला ६० मीटरच्या, म्हणजे जेमतेम २०० फुटांच्या खाली जायला मनाई करतो, तरी बोअर मारणारी गाडी येतेच. यात वाईट कुणी नसतो. मी नाही उपसलं तर दुसरा उपसणारच ही भीती खरी असते, म्हणून प्रवचनाने काही होत नाही, आकडा दाखवावा लागतो.

सुरुवात पावसापासून करा. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे १०,००० लिटर पाणी. ९०० हेक्टरच्या शिवारात ४५० मिलिमीटर पडला तर ४०५ कोटी लिटर होतात, ऐकायला प्रचंड वाटतं, पण त्यातलं बरंचसं वाफ होतं, वाहून जातं, आणि आपला काळा दगड भेगा असतील तेवढंच धरून ठेवतो. म्हणून विहिरींतलं पाणी मोजायचं. शिवाराच्या वरच्या, मधल्या आणि खालच्या अंगाच्या काही विहिरी ठरवा, टेपच्या टोकाला वजन बांधा आणि सकाळी मोटारी सुरू व्हायच्या आत काठापासून पाण्यापर्यंतचं अंतर घ्या, पावसाळा संपल्यावर एकदा आणि मे अखेरीस एकदा. टेप सोडताना विहिरीचा मालक पाहिजे आणि त्याच्याशी ज्याचं पटत नाही तोही पाहिजे, नाहीतर पुढे आकड्यावरच भांडण होतं. मग ते आकडे ग्रामपंचायतीच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहा.

आता वाटणी. आधी माणसांचं पिण्याचं पाणी पुढच्या पावसापर्यंत बाजूला काढायचं, मग जनावरांचं, आणि उरेल त्यात रब्बी बसवायची. हिवरे बाजारला पोपटराव पवार सरपंच झाल्यावर गावाने हेच केलं, शेतीसाठी बोअर बंद, ऊस आणि केळी बंद, आणि पाऊस कमी झाला की त्या वर्षी पीकच कमी. ऊसवाला चिडणार हे धरून चला. त्याला एकटं पाडू नका, त्याचा उभा ऊस निघू द्या, पण नवी लागण नाही हे ग्रामसभेत सगळ्यांसमोर ठरू द्या. आणि माझं स्पष्ट मत आहे, नियम पहिला सरपंचाला आणि गावातल्या बड्या बागायतदाराला लागला पाहिजे, तिथे सूट दिली की बाकीचे त्याच रात्री गाडी बोलावतात.

ज्यांना जमीन नाही त्यांचं काय, हा प्रश्न सहसा कुणी काढत नाही. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदरच्या नायगावात पाणी पंचायत उभी केली, तिथे पाणी जमिनीवर नाही, घरातल्या माणसांच्या संख्येवर वाटलं, भूमिहीनांनाही हक्क दिला. मला तरी याहून न्याय्य वाटणी माहीत नाही. तुमच्या गावात लगेच जमणार नाही कदाचित, पण भूमिहीन कुटुंबांना निदान बैठकीला बोलवा, कारण विहिरी आटल्या की टँकरच्या रांगेत सगळ्यात आधी तेच उभे असतात.

नियम मोडणारा निघणारच. एलिनोर ऑस्ट्रॉम यांना २००९ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं ते याच कामासाठी, जगभरची सामायिक पाण्याची, जंगलाची व्यवस्था त्यांनी अभ्यासली आणि टिकलेल्या ठिकाणी लोक स्वतःच पहारा ठेवतात, पहिल्या चुकीला शिक्षा हलकी असते, मग वाढत जाते असं दाखवलं. आपल्याकडे धुळे-नाशिकच्या फड पद्धतीत, म्हणजे बंधाऱ्याचं पाणी गावाने मिळून वाटायच्या जुन्या पद्धतीत, पाणी सोडणारा पाटकरी अशीच नजर ठेवत आलाय. तेव्हा पहिल्यांदा समज द्या, दुसऱ्यांदा दंड, तिसऱ्यांदा त्याची पाण्याची पाळी बंद, आणि तंटा गावातच दोन-चार दिवसांत मिटवा, कोर्टात गेला की तो पुढच्या पिढीकडे जातो.

बैठक ऑक्टोबरमध्येच घ्या, बियाणं घेण्याआधी. एकदा पेरणी झाली की पिकाला पाणी तोडा असं कुणाच्या तोंडावर सांगता येत नाही.