इलेक्ट्रिक गाडीचा घरचा चार्जर कसा निवडावा: आधी तार, मग डबा

चार्जर घ्यायचा म्हटलं की लोक आधी किलोवॉट विचारतात, मग ॲप, मग वॉरंटी. मी हे काम स्वतःकडे आणि ओळखीच्यांकडे इतक्या वेळा केलं आहे की "सगळ्यात मोठा कुठला घेऊ?" असं कुणी विचारलं, की मी त्याला आधी मीटरची पेटी उघडायला सांगतो. भिंतीवरचा डबा निवडणं सोपं आहे. मीटरपासून त्या डब्यापर्यंत काय आहे यावर तो ठरतो, आणि बहुतेक सल्ले नेमके तिथेच गप्प होतात.

गाडी ठरली आहे, पार्किंगची जागा पक्की आहे आणि तिथे चार्जर बसवायला कुणाची हरकत नाही, असं धरून पुढे लिहितो.

१. गाडी किती वीज घेते ते बघा

खरा चार्जर गाडीच्या पोटात असतो. घरच्या एसी विजेचं (सतत दिशा बदलणारी) डीसी (एकाच दिशेने वाहणारी) करून बॅटरी भरण्याचं काम तोच करतो; त्याला ऑनबोर्ड चार्जर म्हणतात. भिंतीवरचा डबा गाडीला जास्तीत जास्त किती अँपिअर ओढायला परवानगी आहे ते कळवतो, वीज जोडतो आणि काही बिघडलं तर तोडतो. हे कळवणं केबलमधल्या एका बारीक तारेवरून होतं. तिच्यावर सेकंदाला १००० वेळा चालू-बंद होणारा सिग्नल असतो. तो सुमारे २७ टक्के वेळ चालू असेल तर १६ अँपिअर, ५३ टक्के असेल तर ३२. गाडी त्याहून कमी घेऊ शकते, जास्त नाही.

म्हणजे ऑनबोर्ड चार्जर ७.२ किलोवॉटचा असेल, तर २२ किलोवॉटचा डबा लावूनही ७.२ च मिळणार. याहून वाईट फसगत ११ किलोवॉटच्या डब्यात होते. तो तीन फेजवर प्रत्येकी १६ अँपिअर देतो. तुमची गाडी एकाच फेजवर चार्ज होणारी असेल, तर तिच्या वाट्याला एकच फेज येतो: १६ अँपिअर, साधारण ३.७ किलोवॉट. एक फेजचा ३२ अँपिअरचा साधा डबा तिला याच्या दुप्पट वेगाने भरतो. मोठा आकडा बघून महागडा डबा घेतलेली आणि नंतर हळहळणारी माणसं मी पाहिली आहेत. गाडीच्या माहितीपुस्तिकेत ऑनबोर्ड चार्जरचे किलोवॉट आणि फेज, दोन्ही शोधा. प्लग कुठल्या प्रकारचा आहे तेही तिथेच मिळेल.

२. रोजची गरज काढा

रोज ४० किलोमीटर धरू. मध्यम आकाराची गाडी १०० किलोमीटरला साधारण १५ युनिट घेते. म्हणजे ६ युनिट, आणि चार्जिंगमधली घट धरून पावणेसात. ३.३ किलोवॉटवर हे काम दोन तासांत होतं, आणि गाडी रात्रभर उभीच असते. "शून्य ते शंभर टक्के किती तासांत?" हा प्रश्न घरच्या चार्जरला विचारूच नका. कुणीही रोज रिकामी बॅटरी घेऊन घरी येत नाही.

माझं मत असं: डबा ३२ अँपिअरचा घ्या, पण अँपिअर कमी-जास्त करता येणारा, आणि एरवी तो १६ वर चालवा. तार थंड राहते, घरावर ताण येत नाही. मात्र अगदी ६ अँपिअरपर्यंतही खाली जाऊ नका. चार्जिंग चालू असेपर्यंत गाडीतली इलेक्ट्रॉनिक यंत्रणा जागी असते आणि तिचं खाणं सुरूच असतं. चार्जिंग जितकं लांबेल तितकी वीज त्यात जाते.

गाडीसोबत आलेला पोर्टेबल चार्जर पुरत असेल तर तोच वापरा. त्याच्यासाठी स्वतंत्र लाइन आणि चांगलं सॉकेट द्या, आणि एक्स्टेंशन बोर्ड कधीही वापरू नका. साधं घरगुती सॉकेट तासन् तास पूर्ण अँपिअरसाठी बनवलेलं नसतं.

३. घराचा लोड मोजा

मेन फ्यूज किंवा मेन एमसीबी (प्रवाह जास्त झाला की आपोआप 'पडून' वीज तोडणारा स्विच) ४० अँपिअरचा असेल आणि चार्जर ३२ ओढत असेल, तर गीझर लावताच सगळं घर अंधारात जाणार. दोन उपाय आहेत. एक, चार्जर १६ वर ठेवा. दुसरा, ज्याच्यासोबत मेन तारेभोवती बसवायचा सीटी क्लॅम्प येतो असा डबा घ्या. घर किती ओढतंय हे तो सतत बघतो आणि गाडीचा वाटा आपोआप कमी करतो. ॲपमधल्या रंगीत आलेखांपेक्षा ही एक सोय कितीतरी मोलाची आहे.

४. तार

३२ अँपिअरसाठी १० स्क्वेअर मिलिमीटर तांब्याची तार. ६ ची "चालते" असं वायरमन म्हणेल, आणि कागदावर ती चालतेही. पण ते आकडे ३० अंश तापमानाचे असतात. भिंतीत पुरलेल्या पाइपात, उन्हाळ्यात, सहा तास सलग, ही परिस्थिती वेगळी आहे. हिशेब बघा. मीटर ते डबा २५ मीटर अंतर असेल, तर जाऊन-येऊन ५० मीटर तार लागते. ३२ अँपिअरवर ६ ची तार जवळजवळ १६० वॅट उष्णता स्वतःच खाते; १० ची तार साधारण ९५. हा फरक तुम्ही रोज रात्री भरणार आहात.

एमसीबी ४० अँपिअरचा लावा. ३२ चा एमसीबी बंद पेटीत तासाभराने तापतो आणि उगाच पडतो. आणि विकत घेण्याआधी डब्याच्या टर्मिनलमध्ये १० ची तार शिरते का ते माहितीपत्रकात बघा. काहींमध्ये शिरत नाही. मग वायरमन तारेचे चार धागे कापून ती कोंबतो, आणि तो जोड पुढे जळतो.

५. गळती: इथे घाई करू नका

माझी पहिली गाडी आली तेव्हा चार्जरची लाइन घरातल्या वितरण पेटीतून घेतली होती. तिथे सगळ्या घरासाठी ३० मिलिअँपिअरचा एक आरसीसीबी होता, म्हणजे वीज वाट सोडून अर्थमध्ये किंवा माणसाच्या अंगातून गळू लागली की पडून पुरवठा तोडणारा स्विच. म्हटलं, संरक्षण आहेच. आठवड्यातून दोन-तीनदा रात्री तो पडायचा. सकाळी फ्रिजमधलं पाणी जमिनीवर आणि गाडी अर्धीच भरलेली. पहिल्या वायरमनने आरसीसीबी बदलला. फरक पडला नाही. दुसऱ्याने ३० च्या जागी १०० मिलिअँपिअरचा लावायला सांगितलं. तिसरा म्हणाला, "काढूनच टाका, डब्यात असतं सगळं." या तिघांपैकी एकानेही गळती मोजली नव्हती.

शेवटी मी गळती मोजणारा क्लॅम्प मीटर मिळवला. गाडी जोडलेली नसताना घराची एकूण गळती ८ मिलिअँपिअर होती. यात बिघाड काही नाही. प्रत्येक इलेक्ट्रॉनिक उपकरणाच्या फिल्टरमधून थोडा प्रवाह अर्थमध्ये जातच असतो. गाडी जोडली की आकडा १३ वर. आणि रात्री फ्रिजचा बर्फ वितळवणारा हीटर सुरू झाला की १७. आता ३० लिहिलेला आरसीसीबी ३० वरच पडतो हा गैरसमज आहे. नियमाप्रमाणे तो १५ ते ३० च्या दरम्यान कधीही पडू शकतो. गाडी ठीक होती, फ्रिजही ठीक होता. दोघांची गळती एकाच आरसीसीबीवर टाकली, ही चूक होती.

उगाच पडणारा आरसीसीबी त्रास देतो, पण त्यात धोका नाही. धोका पडायला हवा तेव्हा न पडणाऱ्याचा आहे. आरसीसीबीच्या आत एक चुंबकीय कडं असतं. जाणारा आणि येणारा प्रवाह यातला फरक ते ओळखतं. गाडीतल्या बिघाडामुळे सपाट, म्हणजे चढउतार नसलेली, डीसी गळू लागली, तर ते कडं एकाच बाजूला चुंबकित होऊन बसतं आणि मग खरी एसी गळती झाली तरी त्याला कळत नाही. 'एसी' प्रकारच्या आरसीसीबीला डीसी ओळखताच येत नाही. 'ए' प्रकार ६ मिलिअँपिअरपर्यंतची सपाट डीसी सोसून आपलं काम करतो. 'बी' प्रकार सपाट डीसीवरही पडतो. आणि 'टेस्ट' बटण इथे दिलासा देत नाही: गाडी जोडलेली नसताना ते दाबलं, तर आंधळा होऊ शकणारा आरसीसीबीही छान पडून दाखवतो.

म्हणून विजेच्या जोडणीच्या आयईसी ६०३६४ या आंतरराष्ट्रीय मानकाचा ७२२ क्रमांकाचा भाग प्रत्येक चार्जिंग पॉइंटला स्वतःचा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी सांगतो. तो 'बी' प्रकारचा हवा, किंवा 'ए' प्रकारचा आणि सोबत ६ मिलिअँपिअर डीसीवर वीज तोडणारी सोय. ही सोय बऱ्याच डब्यांच्या आतच असते. डबा निवडताना विक्रेत्याला विचारायचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच: "यात ६ मिलिअँपिअर डीसी गळतीचं संरक्षण आहे का, आणि ते माहितीपत्रकात कुठे लिहिलं आहे?" तोंडी 'हो' घेऊ नका. लिहिलेलं नसेल तर नाही असंच धरा. मग तुम्हाला 'बी' प्रकारचा आरसीसीबी वेगळा घ्यावा लागेल, आणि तो 'ए' पेक्षा कितीतरी महाग असतो. स्वस्त डबा असा महाग पडतो.

डब्यात ही सोय आहे म्हणजे बाहेर आरसीसीबी नको, असंही नाही. अनेक डबे फक्त डीसी सांभाळतात. एसी गळतीपासून माणसाला वाचवणारा ३० मिलिअँपिअरचा 'ए' प्रकारचा आरसीसीबी बाहेरच लावावा लागतो. आणि १०० मिलिअँपिअरचा आरसीसीबी आग टाळायला मदत करतो, तो माणसासाठी नसतो. मला ज्याने तो सुचवला, त्याला हा फरक ठाऊक नव्हता.

जोडणी अशी करा: मेन स्विचनंतर लगेच, घराच्या आरसीसीबीच्या आधी, चार्जरची स्वतंत्र लाइन काढा. तिच्यावर तिचा एमसीबी, तिचा आरसीसीबी, आणि दुसरं काहीही नाही. पार्किंगमधला दिवासुद्धा नाही. घराच्या आरसीसीबीच्या खाली दुसरा आरसीसीबी लावून भागत नाही, कारण गाडीची गळती वरच्यातूनही जाते. तो पडतो तरी किंवा आंधळा तरी होतो. ही लाइन बदलल्यापासून माझ्याकडे एकदाही वीज उगाच गेलेली नाही.

अर्थिंगबद्दल एकच गोष्ट, पण ती जिवाची आहे. अर्थ नीट नसेल तर अनेक चार्जर काम करायला नकार देतात आणि लाल दिवा लावतात. तो दिवा घालवण्यासाठी सॉकेटमध्ये न्यूट्रल आणि अर्थ एकमेकांना जोडून देणारे महाभाग आहेत. तसं केलं आणि पुढे कधी मागचा न्यूट्रल तुटला, तर गाडीच्या पत्र्यावर पूर्ण व्होल्टेज येतं. ओल्या जमिनीवर उभं राहून दार उघडणारं माणूस मरू शकतं. कुणी हा "जुगाड" सुचवला तर त्याला दारातूनच परत पाठवा. अर्थिंग मीटरने मोजून घ्या आणि आकडा लिहून घ्या.

६. जागा आणि केबल

गाडी सरळ आणि उलट, दोन्ही प्रकारे लावून चार्जिंग पोर्टपासून भिंतीपर्यंत दोरीने मोजा. दोरी ताणू नका, जमिनीवरून फिरवा. केबल डब्याला कायमची जोडलेली असलेला प्रकार घ्या. रोज डिकीतून केबल काढणं पावसात नकोसं होतं. डब्यावर आयपी क्रमांक असतो, धूळ-पाण्यापासून तो किती सुरक्षित आहे ते सांगणारा: उघड्यावर किमान आयपी ५४, थेट पाऊस लागत असेल तर आयपी ६५. दुपारचं ऊन पडणारी भिंत टाळा. तापलेला डबा स्वतःच अँपिअर कमी करतो.

७. ॲप

इंटरनेट नसतानाही चार्ज करणारा डबा हवा. ओसीपीपी हा खुला प्रोटोकॉल असेल तर उत्तम, म्हणजे कंपनीचं ॲप बंद पडलं तरी डबा दुसऱ्या यंत्रणेला जोडता येतो. वेळ लावायची तर एकतर गाडीत लावा किंवा डब्यात. दोन्हीकडे लावली की दोघं एकमेकांची वाट बघत बसतात आणि सकाळी गाडी तशीच उभी दिसते.

८. बसवून झाल्यावर

पूर्ण अँपिअरवर दोन तास चार्ज करा. मग पेटीचं झाकण न उघडता एमसीबीजवळ, डब्याच्या तळाशी आणि प्लगवर हात ठेवून बघा. कोमट असेल तर ठीक. हात ठेववत नसेल तर तिथे जोड सैल आहे: ०.१ ओहमचा एक सैल जोड ३२ अँपिअरवर १०० वॅट उष्णता एकाच ठिकाणी ओकतो. महिन्याभराने वायरमनला परत बोलवा, मेन बंद करून सगळे स्क्रू टॉर्क स्क्रूड्रायव्हरने (ठरावीक जोरानेच आवळणाऱ्या) पुन्हा आवळून घ्या. तांब्याची बारीक धाग्यांची तार दाबाखाली बसते आणि पहिल्या दिवशी घट्ट असलेला स्क्रू ढिला होतो. हे काम पंधरा मिनिटांचं आहे. त्याचे पैसे सुरुवातीलाच ठरवून घ्या, नाहीतर तो येत नाही.