आधी डॉक्टर ठरवा, मग स्मशान

परळच्या आमच्या बिल्डिंगीत कुणी गेलं की घरच्यांच्या पाठोपाठ फोन येतो तो मला. बरीच वर्षं सोसायटीची सेक्रेटरी आहे, बायकांनी स्मशानात जाऊ नये वगैरे मी मानत नाही, आणि मला रडू येतं ते सगळं उरकल्यावर. आता स्वतःचीही तयारी करून ठेवली आहे. तुम्हाला स्वतःची किंवा आईवडिलांची करायची असेल, तर कुठून सुरुवात करायची ते सांगते.

लोकांना वाटतं लाकडं, भटजी, सामान यांची चिंता. मुंबईत यातलं काही अडत नाही. पालिकेच्या स्मशानभूमीत लाकडं मोफत मिळतात. मडकं, बांबू, सुतळी, पांढरं कापड एका दुकानात एका सांगण्यावर बांधून देतात. अडतं ते डॉक्टरच्या सहीपाशी.

माणूस हॉस्पिटलात वारला तर मृत्यूच्या कारणाचा दाखला तेच देतात. घरी वारला तर तो कुणी द्यायचा? ज्याने पेशंटला अलीकडे तपासलंय अशा डॉक्टरने. इथेच घोळ होतो. जुने फॅमिली डॉक्टर दवाखाना बंद करून गेले, हृदयाचे मोठे डॉक्टर घरी येत नाहीत, आणि नाक्यावरचे डॉक्टर रात्री दोनला म्हणतात, "मी आजोबांना कधी पाहिलंच नाही, सही कशी करू?" त्यांचंही बरोबर आहे. मग गाडीत घालून हॉस्पिटलात न्यायचं. तिथे आणण्यापूर्वीच मृत्यू झाल्याची नोंद होते, पोलीस येतात, आणि पोस्टमॉर्टेमची वेळही येऊ शकते. साधं म्हातारपणाचं मरण, पण घरच्यांची रात्र पोलीस स्टेशनच्या बाकावर.

म्हणून घरात पंचाहत्तरीच्या पुढचं किंवा अंथरुणाला खिळलेलं कुणी असेल तर जवळचा एक डॉक्टर आजच धरा. त्याला सरळ विचारा: घरी येऊन दाखला देणार का? रात्री फोन उचलणार का? तुमची सही स्मशानात चालते ना? महिन्या-दोन महिन्यांनी पेशंटला त्याच्याकडे दाखवत राहा. डिस्चार्जचे कागद आणि चालू गोळ्यांच्या चिठ्ठ्या एका फाईलमध्ये, ती पलंगाजवळ. एक लक्षात ठेवा: पडणं, भाजणं, अपघात यातून मृत्यू आला तर प्रकरण पोलिसांकडे जातं. आजी महिन्यापूर्वी बाथरूममध्ये पडल्या, मांडीचं हाड मोडलं आणि त्यातच गेल्या, तरी डॉक्टर सहसा सही करत नाहीत. तिथे लपवाछपवी करू नका, पोलिसांना कळवा.

आता कागद, म्हणजे आपण गेल्यावर काय करायचं ते. एकच पान, स्वतःच्या अक्षरात. माझ्या पानावर पहिली ओळ डोळ्यांची आहे. नेत्रदान सहा तासांच्या आत व्हावं लागतं, म्हणून नेत्रपेढीचा नंबर मोठ्या अक्षरात. पंखा बंद, मिटलेल्या पापण्यांवर ओला कापूस, डोक्याखाली उशी. पथक घरी येतं. चष्मा होता, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, ही कारणं नव्हेत. देहदान करायचं असेल तर केईएम, नायर, सायन किंवा जे.जे.च्या शरीररचनाशास्त्र विभागात फॉर्म भरता येतो. पण तुम्ही भरलेल्या फॉर्मपेक्षा त्या दिवशी घरच्यांची संमती महत्त्वाची, म्हणून मुलांना आधी पटवा. पोस्टमॉर्टेम झालं किंवा काही संसर्ग असला तर देह घेत नाहीत. त्यामुळे दहन कुठे, हेही लिहाच.

मी जवळचं भोईवाडा स्मशान लिहिलंय, विद्युतदाहिनी. पुढे कंसात: "बंद असेल तर लाकडं, वाद नको." दाहिनी दुरुस्तीला काढलेली असू शकते, निघण्याआधी फोन करून विचारायचं. विजेवर अस्थी बहुधा त्याच दिवशी हातात मिळतात. लाकडांवर असेल तर सावडायला पुन्हा जायचं. परगावच्या मुलाला सुट्टी किती, हे त्यावर ठरतं.

थांबायचं कुणासाठी, हे जाणाऱ्यानेच लिहावं. लेक टोरांटोत असेल तर बर्फाची पेटी भाड्याने आणून दोन दिवस ठेवायचं की व्हिडिओ कॉलवर दर्शन, यावरून सख्खे भाऊ अबोला धरतात. माझ्या पानावर आहे: पुण्यापर्यंत थांबा, त्यापुढे नाही. अग्नी मुलीने दिला तरी चालेल, हेही लिहा. नाहीतर कुणीतरी काका उठतात.

आणि जिना बघून ठेवा. आमच्या लिफ्टमध्ये स्ट्रेचर जात नाही. चादरीच्या झोळीतून खाली आणायचं आणि तिरडी कंपाउंडमध्ये बांधायची.

स्मशानात आधार कार्डं दोन लागतात, गेलेल्याचं आणि तिथे सही करणाऱ्या घरच्या माणसाचं. नाव आधारवर आहे तसंच लिहायला सांगा. घाईत कुणी "ताई" किंवा माहेरचं नाव सांगितलं की पुढे बँकेत चपला झिजतात. मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत व्हायला हवी. ती होते मृत्यू जिथे झाला तिथल्या वॉर्डात, घर कुठेही असो. तिथून मिळणाऱ्या मृत्यूच्या दाखल्याच्या प्रती भरपूर काढा. गेलेल्याचं एटीएम कार्ड वापरू नका, पण मोबाईलचं सिम चालू ठेवा, ओटीपी त्यावरच येतात. सोसायटीत आणि बँकेत नॉमिनी आहे का, ते याच आठवड्यात बघा. बँकेच्या खात्याला नोव्हेंबर २०२५पासून चार जणांपर्यंत नॉमिनी लावता येतात.

आईवडिलांपाशी विषय काढायचा कसा? नुसतं बसवून विचारलंत तर "मला घालवायची घाई झालीय का" हे ऐकायचं. दुसऱ्या कुणाच्या मयताहून आल्यावर, आंघोळ करून चहा घेताना काढा. तेव्हा म्हातारी माणसं आपणहून बोलतात: "माझ्या वेळी एवढी गर्दी नको रे." तेच पकडून लिहून घ्या. माझा मुलगा "अभद्र बोलू नकोस" म्हणून उठून गेला होता, सुनेने मात्र पेन आणलं.

पान बँकेच्या लॉकरमध्ये ठेवू नका, त्या दिवशी तो उघडत नाही. मृत्युपत्रातही नको, ते वाचतात तेरावं झाल्यावर. माझं कपाटाच्या दाराला आतून चिकटवलंय, फोटो सुनेच्या आणि समोरच्या देसाईवहिनींच्या मोबाईलमध्ये. सोबत पाकिटात थोडी रोकड. शववाहिनीवाल्याला आणि सामानवाल्याला सुटे लागतात.